बोट दाखवील तो काळवीट

नाशिकमधल्या अंबडच्या कारखान्यांची पाळी सुटली की भिमाबाई गॅलरीत खुर्ची ओढून बसायची. खाली फाटकातून माणसांचा लोंढा बाहेर पडायचा, कुणी स्कूटरवर, कुणी पायी, कुणी चहाच्या गाडीपाशी घुटमळत. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. तिला चेहरे दिसत नसत, शर्टांचे रंग एकमेकांत मिसळून जात, आणि सगळ्यावर दुधाची साय धरल्यासारखं वाटायचं. संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे लागले की प्रत्येक दिव्याभोवती एक गोल कडं पडायचं. सुनेनं विचारलं तर ती म्हणायची, "मला बरं वाटतंय गं. खळं पडलेले चंद्रच चंद्र दिसत्यात."

पण तेवढ्या धुक्यातूनही तिची नजर एक काम सोडत नसे. लोंढ्यातला कडेचा माणूस ती हुडकायची. घोळक्यात चालतो आहे पण घोळक्याचा नाही, थोडा मागे, थोडा बाजूला, असा एक कुणीतरी रोज असायचाच. तो वळणापलीकडे गेला की मगच ती आत यायची. मुलगा नवनाथ त्याच कारखान्यांपैकी एकात यंत्रावर होता. त्यानं एकदा विचारलं, "आई, रोज काय बघतेस?" तेव्हा ती म्हणाली, "काय नाय रे. जुनी खोड."

ही खोड लागली तेव्हा ती दहा-बारा वर्षांची होती.

भिमाबाईचं माहेर येवल्याच्या पुढे, माळवाडी नावाच्या लहानशा गावात. गावाच्या तिन्ही बाजूंनी गवताळ माळ, मधूनमधून बाभळी, आणि दूरवर बसकी टेकाडं. त्या माळावर हरणांचे कळप असायचे. शेतात हरभरा हिरवा झाला की कळप शेतात, कापणी झाली की पुन्हा माळावर. तिचे वडील कोंडाजी यांच्याकडे पीक राखायला परवान्याची ठासणीची बंदूक होती. त्या काळी त्याला कुणाची हरकत नव्हती. हिवाळ्यात चार-दोन वेळा कोंडाजी गाडी जुंपून माळावर जायचे आणि एक काळवीट आणायचे. एका खेपेला एकच. मांस गावात वाटलं जायचं.

हरणं माणसाला पाहून पळतात, बैलगाडीला मात्र बिचकत नाहीत. गाडी म्हणजे रोजची गोष्ट. म्हणून गाडी कळपाच्या भोवती लांबून फिरवायची, एकेका वेढ्याला थोडी थोडी आत घ्यायची, आणि बैल चालत असतानाच मागच्या बाजूनं अलगद खाली उतरायचं. कोंडाजींचे जोडीदार चंदर गाडी हाकायचे. ते कोंडाजींपेक्षा बरेच लहान, अंगानं काटक, तोंडानं वाचाळ. आणि पुढे, चंदरच्या शेजारी, पोर भिमा बसायची.

तिला का नेतात, याचं कारण घरात सांगितलं होतं ते असं की पोर हट्ट करते. खरं कारण बाप-लेकीलाच माहीत होतं. कोंडाजींना लांबचं दिसत नव्हतं. समोर काळा ठिपका आहे एवढं कळायचं, पण तो ठिपका कोण, म्हातारा की जवान, त्याच्या शिंगांना पीळ किती, हे काही उमगायचं नाही. चष्मा लावलेला शिकारी त्या मुलखात कुणी पाहिला नव्हता. आणि कोंडाजी मानी होते.

पहिल्यांदा त्यांनी तिला उचलून गाडीच्या साटीवर बसवलं तेव्हा हळूच विचारलं होतं, "भिमे, तो पार टोकाचा कसा हाय गं?"

"कोण, आबा? तो विटलेला का?"

"विटलेला म्हणजे?"

"म्हंजी काळा हाय, पन उन्हात टाकलेल्या घोंगडीवानी. आन् त्याचं एक शिंग टोकाला मोडलंय."

कोंडाजींनी डोळे बारीक करून तिकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुला शिंगाचं टोक दिसतंय हितून?"

"दिसतंय की."

त्या दिवसापासून ती त्यांचे डोळे झाली. मोठ्यानं बोलायचं नाही म्हणून दोघांनी भाषा ठरवून घेतली. ढवळ्या बैलाच्या उजव्या शिंगाच्या टोकावर, ढवळ्याच्या कानाच्या खाली, पवळ्याच्या वशिंडावरून सरळ. बैलांच्या अंगावरून ती माळाचा सगळा नकाशा सांगायची. तिनं बोट दाखवायचं आणि कोंडाजींनी त्या रेषेत बंदूक धरायची.

बोट कुणाला दाखवायचं, हेही त्यांनीच शिकवलं. हरणीकडे कधीच नाही. तांबूस, अजून काळे न झालेले नर असतात, पाच-सात जणांची टोळी करून हिंडतात, त्यांच्याकडेही नाही. आणि कळपाच्या मधोमध जो असतो, तव्यासारखा काळा, पोट पांढरंशुभ्र, मान मागे टाकून शिंगं पाठीला टेकवत चालतो, त्याच्याकडे तर स्वप्नातही नाही.

"का नाय, आबा?"

कोंडाजींनी तिला घराच्या आढ्याकडे बोट करून दाखवलं. तिथं बाजरीची कणसं जुडी बांधून टांगलेली होती, धुरानं काळपटलेली. "ती का नाय खात आपण?"

"बियाण्याची हाईत."

"मग तोबी बियाण्याचा हाय. भरलं कणीस खाऊन टाकलं तर पेरायचं काय? पोचट दाणं?"

मग उरला तो कडेचा. ज्याचं राज्य गेलं, ज्याला कळपानं बाहेर काढलं, जो एकटाच चरतो आणि वारा आला की उगीच मान वर करून कळपाकडे बघतो. त्याला न्यायचं. कोंडाजी म्हणायचे, त्याला लांडगा नेणारच आहे, थंडी नेणारच आहे. आपण न्यावं, त्याचे हाल वाचतील आणि कळपाचं काही घटणार नाही.

चंदरला हे पटत नसे. गाडी हाकता हाकता त्यांची वादावादी चालायची, तीही कुजबुजत, त्यामुळे भिमाला ती एखाद्या मंत्रासारखी वाटायची.

"आवो, म्हाताऱ्याचं मांस म्हंजी चामडं. दिवसभर शिजवा तरी दातात अडकतंय."

"शिजवायला वेळ हाय आपल्याला."

"त्यापरीस काळा उचला. त्याची लेकरंबाळं होऊन गेली. तो बसलाय म्हणून बाकीच्या पोरांना कळपात शिरता येत नाय. त्याला काढला की नवं रक्त येतंय."

"आन् नवं कच्चं असलं तर?"

"तुमी लय इचार करता राव. हरीण हाय ते, काय पाटीलकी हाय का?"

त्या मुलखात शहरातले हौशी शिकारीही यायचे, जीपमधून. त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना शिंगं हवी असत, भिंतीवर लावायला, आणि शिंगं जितकी लांब तितका आनंद. एकदा अशीच एक जीप गावात आली आणि वाटाड्या म्हणून कोंडाजींना बसवून घेऊन गेली. दिवसभर धूळ खाऊन पाहुणे रिकाम्या हातांनी परतले. कोंडाजींनी त्यांना सगळा माळ दाखवला होता, फक्त कळप चरत होता तेवढी बाजू सोडून. घरी आल्यावर ते पाय धूत धूत हसत होते. आपला बाप असा पोरासारखा हसतो, हे भिमानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

पुढे कित्येक वर्षांनी तिला बालपण आठवायचं ते असं. पहाटेचा माळ, गवताच्या टोकाटोकांवर दव, बैलांच्या नाकातून निघणारी वाफ, आणि त्या वाफेतून दिसणारी हरणं. जमिनीला पाय न लावता उभी असल्यासारखी. एखादी हरणी कारण नसताना हवेत उडी घ्यायची, मग तिच्या मागची, मग तिच्या मागची, आणि सगळा कळप पाण्यावर फेकलेल्या खापरीसारखा टप्पे घेत लांब जायचा. मग थांबायचा, वळून बघायचा. आपण कुणाला तरी मारायला आलो आहोत, हे तिला त्या वेळी आठवतही नसे. बोट उचलायची वेळ आली की मगच ते आठवायचं.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. भिमाला तेरावं लागलं होतं आणि आई म्हणत होती, आता पोरीला गाडीवर नेणं शोभत नाही. कोंडाजी म्हणाले, एवढी एक खेप.

कळप टेकाडाच्या पायथ्याशी होता. कडेला एक म्हातारा होता, तिच्या ओळखीचा. मागच्या वर्षी तो मधोमध होता, यंदा बाहेर. भिमाला त्याची कीव आली, पण नियम तो नियम. गाडीचा वेढा आत आत येत गेला. कोंडाजी मागून उतरले, चंदरनी बैल थांबवले तसे चाकाच्या आड बसले.

"ढवळ्याच्या उजव्या शिंगाच्या टोकावर, आबा."

कोंडाजींनी बंदूक टेकवली. तेवढ्यात कळपातला काळा मान उंच करून तरातरा बाहेर आला. म्हातारा फार जवळ आला म्हणून त्याला हाकलायला निघाला होता. म्हातारा दोन पावलं सरकला. काळा त्याच्या जागी आला. क्षणभर दोघं एका रेषेत उभे राहिले, एक विटका, एक लखलखीत, आणि भिमाच्या बोटापुढे दोघांचं एकच अंग झालं. तिनं "आबा, थांबा" म्हणायला तोंड उघडलं. आवाज बंदुकीचाच झाला.

धूर गेला तेव्हा काळा आडवा पडलेला होता. म्हातारा तिथंच उभा होता. तो पळाला नाही. त्यानं मान खाली घालून पडलेल्याला हुंगलं आणि मग गाडीकडे बघत राहिला.

चंदर गाडीवरून उडी मारून धावले. "वा रे पठ्ठे! कोंडाजी, आज आयकलं तुमी माझं! काय जनावर हाय!"

कोंडाजी जवळ गेले. इतक्या जवळून त्यांना सगळं स्वच्छ दिसत होतं. शिंगांचे पूर्ण भरलेले पीळ, तव्यासारखी पाठ, पांढरी हनुवटी. ते गुडघ्यावर बसले आणि त्यांनी त्या शिंगांवरून बोटं फिरवली, एकेक पीळ मोजल्यासारखी. भिमा रडायला लागली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि चंदरला ऐकू जाईल असं म्हणाले, "आज म्या मुद्दाम नेम बदलला."

त्या हिवाळ्यात कळपाची दशा पालटली. भिमा शेळ्यांमागे माळावर जायची तेव्हा तिनं ते सगळं पाहिलं. पहिले काही दिवस तो म्हाताराच पुन्हा मधोमध येऊन उभा राहिला, रुबाबात, मान मागे टाकून. हरणी त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. मग तांबूस पोरांची टोळी कळपात घुसली आणि धुमश्चक्री सुरू झाली. शिंगांवर शिंगं आपटल्याचा खटखट आवाज सकाळच्या हवेत गावापर्यंत यायचा. हरणी धापा टाकत या टेकाडाहून त्या टेकाडाला पळत होत्या. एका कोवळ्या नराचा पाय मोडला, तो बाभळीखाली बसून राहिला आणि दुसऱ्या दिवशी तिथं नव्हता. म्हाताऱ्याला त्यांनी पुन्हा बाहेर काढलं, या वेळी अंगावर ओरखडे घेऊन.

"बघ," कोंडाजी तिला म्हणाले, "कळपाला धनी ऱ्हायला नाय."

पण वेळ आली तशी पाडसं झाली. गवतात कान पाडून बसलेली, वितभर, नेहमीइतकीच. ती कुणाची, भरल्या कणसाची की पोचट, हे त्यांच्या अंगावर काही लिहिलेलं नव्हतं. भिमानं घरी येऊन सांगितलं. कोंडाजींनी नुसतं "हं" केलं. त्यानंतर काही दिवसांतच ते बंदूक घोंगडीत गुंडाळून येवल्याला गेले आणि कचेरीत जमा करून आले. पुढं कायदा आला, शिकार बंद झाली, आणि गावानं कोंडाजींना नावाजलं की बघा, माणसाला पुढचं दिसत होतं. कोंडाजी ते ऐकून बैलांना वैरण टाकायला उठायचे. पुढचं दिसणं ही एकच गोष्ट त्यांना जमत नव्हती, हे लेकीशिवाय कुणाला ठाऊक होतं?

भिमाचं लग्न कळवणकडे झालं. नवरा सावळीराम मोटारी दुरुस्त करायचा, विहिरीवरच्या. सरळ माणूस. त्या बाजूला डोंगर होते, ऊस होता, हरणं मात्र नव्हती. लग्नाच्या पहिल्या वर्षात तिनं त्याला माळाचं सगळं सांगितलं, बापाच्या डोळ्यांचं मात्र नाही. सावळीराम हसून म्हणायचा, "म्हंजी तू मलाबी कडेला उभा बघूनच निवडला असशील." ती म्हणायची, "तुमी मधी कधी उभं ऱ्हायला का?" संसार झाला, मुलं झाली, कोंडाजी गेले, मग सावळीरामही गेला. नवनाथला अंबडला नोकरी लागली आणि ती नाशिकला आली. माळ मागे पडला. तो फक्त दुपारच्या डुलकीत यायचा, आणि त्यात तिला पुन्हा शिंगाचं टोक दिसायचं.

मागच्या हिवाळ्यात तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा पहिल्यांदा तिला दिसल्या त्या सुनेच्या कपाळावरच्या आठ्या. "अगं बाई, तू किती दमतेस गं," ती म्हणाली, आणि सून रडायलाच लागली. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला, धुरापासून जपायला सांगितलं. धाकटा भाऊ भारत माळवाडीहून फोनवर म्हणाला, "आक्का, हिकडं ये. हिकडं धूर नाय, काय नाय. हरभरा हाय आन् हरणं हाईत, लय माजलीत."

ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन कोवळं असतानाच, ती बांधावर जाऊन बसली. पन्नासहून जास्त वर्षांत माळ बराच आक्रसला होता. एका बाजूला कांद्याची चाळ, दुसरीकडे शेततळ्याचा चकचकीत कागद. पण गवत तेच. आणि गवतातून, आवाज न करता, कळप वर आला.

तिनं चष्मा काढला. हरणींच्या कानांच्या आतली गुलाबी कातडी दिसत होती. मधोमध काळा होता, तव्यासारखा. लांब तांबूस पोरांची टोळी. आणि कडेला, होय, कडेला एक विटलेला. तिचा उजवा हात आपोआप मांडीवरून उचलला गेला. तिनं तो डाव्या हातानं धरून पदराखाली घेतला आणि कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. ऊन चढलं, कळप निघून गेला, तरी तिला वाटत होतं की तो अजून तिथंच आहे.

त्याच सुमाराला गावात वनखात्याच्या एक बाई येत होत्या. वैष्णवी त्यांचं नाव, वनपाल होत्या, मोटारसायकलवरून हिंडायच्या. गाऱ्हाणी वाढली होती. रात्रंदिवस राखण करून लोक कंटाळले होते. एक-दोन जण उघड म्हणत होते, आम्हाला परवानगी द्या, नर आम्ही कमी करतो. ते होणार नव्हतं. पण दुसऱ्या एका माळावर नर कमी उरले होते, म्हणून इथले काही पकडून तिकडे सोडायचं घाटत होतं. कोणते न्यायचे, याबद्दल वैष्णवी जुन्या माणसांशी बोलत होत्या. खात्यानं आपलं ठरवलेलं होतं, पण त्यांना ऐकायचं होतं.

भारतच्या ओसरीवर बैठक बसली. चंदरतात्यांना त्यांच्या नातवानं खुर्चीसकट उचलून आणलं. ते आता पार वाळले होते, पण तोंड तेच.

"मोठे काळे न्या," त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. "एक काळा काढला की दहा पोरांची भांडणं मिटत्यात."

"मिटत नाय, लागत्यात," भिमाबाई म्हणाली. "म्या बघितलंय."

"लागत्यात, मग मिटत्यात. शेवटी पाडसं झाली का नाय त्या साली?"

वैष्णवी हसल्या. "मावशी, तुम्ही सांगा. तुमचे वडील कोणते घ्यायचे?"

"कडेचे. ज्यांचं सरलं ते." तिनं कणसांची गोष्ट सांगितली. वैष्णवींनी ती मान हलवत ऐकली.

"माझ्या आजोबांनीही हेच सांगितलं असतं," त्या म्हणाल्या. "मारायचाच असेल तर म्हातारा बरा. पण आम्हाला मारायचा नाही, न्यायचा आहे. म्हातारा गाडीत धसका घेऊनच दगावतो. आणि काळा नेला तर तुम्ही पाहिलीत तशी पळापळ, तीही ऐन हरभऱ्यात. म्हणून आम्ही पोरांच्या टोळीतले नेणार. त्यांचं इथं अजून काही बसलेलं नसतं. पिकांतही तेच जास्त घुसतात."

"त्यांचं बसायचंच असतंय ना, बाई," भिमाबाई म्हणाली. "ते पाळीसाठी थांबल्यालं असत्यात."

"तिकडे त्यांची पाळी लवकर येईल."

यावर चंदरतात्या मोठ्यानं हसले आणि खोकत राहिले. वैष्णवी गेल्यावर ते भिमाबाईकडे वळले. "भिमे, तुझा बाप चांगला मानूस. पन त्या दिवशी त्यानं बदलला नव्हता. त्याला दिसत नव्हतं."

भिमाबाईच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. "तात्या, तुमाला कुनी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? ढवळ्याचं शिंग आन् पवळ्याचं वशिंड, म्या काय बहिरा होतो का गाडीवर? समद्या गावाला ठावं होतं. म्हणून तर तुझ्या आईला कुनी इचारलं नाय की पोरगी कशाला नेता."

"मग बोलला का नाय कधी?"

"त्यानं सांगितलं नाय, मग आमी कशाला बोलायचं?" त्यांनी खुर्चीत अंग सावरलं. "आन् तसा त्याचा नेम वाईट नव्हता. तू दाखवायची तिथंच लागायचा. त्या दिवशी त्या काळ्याच्याच मनात आलं मधी यायचं."

भिमाबाई उठून मागच्या दारी गेली. तिथं तिनं तोंड धुतलं, डॉक्टरांनी नको म्हटलं होतं तरी. एवढी वर्षं जपून ठेवलेलं गाठोडं कुणीतरी सहज सोडावं आणि आत रिकामं फडकं निघावं, तसं तिला झालं. राग आला, मग हसू आलं, आणि मग अंग इतकं हलकं वाटलं की ती भिंतीला टेकून उभी राहिली.

पकडायचा दिवस उजाडला तो धुक्यातच. माळावर हिरव्या कापडाच्या दोन उंच भिंती उभारल्या होत्या, सुरुवातीला रुंद आणि पुढे पुढे चिंचोळ्या होत जाणाऱ्या, आणि टोकाला फळ्या लावलेली गाडी. हरणाला कापडापलीकडचं दिसत नाही म्हणून ते त्यावर उडी घेत नाही, असं वैष्णवींनी समजावलं होतं. गावकऱ्यांना लांब बांधावर बसवलं होतं, बोलायचं नाही या अटीवर. हाकणारी माणसं धुक्यातून सावकाश चालत होती, हात नुसते पसरून, ओरडा नाही, डबे वाजवणं नाही. पांढऱ्या धुक्यात हिरव्या भिंती तरंगत होत्या आणि त्यांच्यामध्ये तांबूस अंगं इकडून तिकडे सरकत होती. भिमाबाईला वाटलं, आपली पट्टी अजून निघालेलीच नाही.

टोळी भिंतींच्या तोंडाशी आली, थबकली, निम्मी उलटी फिरून माणसांच्या मधून निसटली. उरलेली आत गेली. आणि तेवढ्यात बाजूच्या गवतातून तो कडेचा म्हातारा उठला. कुणी त्याला हाकललं नव्हतं. तो आपल्या चालीनं, मान खाली घालून, भिंतींच्या मधून चालत गेला आणि सगळ्यांच्या आधी फळीवरून गाडीत चढला.

बांधावर कुणाला हसू आवरेना. वैष्णवींनी डोक्याला हात लावला. पोरं आतल्या कप्प्यात गेल्यावर त्यांनी बाजूची फळी उघडायला लावली. म्हातारा दारात येऊन उभा राहिला. "आजोबा, तुम्ही नाही," वैष्णवी म्हणाल्या, अगदी आदरानं. तो खाली उतरला, अंग झाडलं आणि गाडीच्या आडोशालाच चरायला लागला. त्याला बाजूला हटवून मग गाडी काढावी लागली.

थोडेच नर गेले. मनात होते तितके मिळाले नाहीत, पण दुसऱ्या वेळी पुन्हा कळप घाबरवायला वैष्णवी तयार नव्हत्या. पुढे त्यांनी फोनवर कळवलं की सोडलेले सगळे जगले आहेत आणि एकानं तर स्वतःचा टापू धरून हरणींवर रुबाब करायला सुरुवातही केली आहे. भारतनं तो निरोप ओसरीवर मोठ्यानं सांगितला. चंदरतात्या म्हणाले, "काळा नेला असता तर पहिल्याच दिवशी धरला असता," आणि तंबाखू मळत राहिले.

हरभऱ्याची राखण मात्र काही चुकली नाही. भिमाबाई होळीपर्यंत माहेरीच राहिली आणि सकाळची पाळी तिनं आपणहून मागून घेतली. शेतात चार लाकडांवर माळा बांधलेला होता. त्यावर ती गोफण घेऊन बसायची, काळा चष्मा कपाळावर सरकवून. उजाडता उजाडता हरणी यायच्या. पहिली बांधापाशी थांबायची, एक पाय उचलून धरायची, मग आत. मागोमाग बाकीच्या. घाटे भरत आलेल्या हरभऱ्यात त्यांची पोटं बुडून जायची आणि वर फक्त कान आणि डोळे राहायचे.

लांबून भारतची हाक यायची, "आक्का! शिरली बघ आत! हाकल की!"

"हाकलते रे," ती म्हणायची, आणि खडा गोफणीत ठेवून, अजून थोडा वेळ, नुसती बघत बसायची.